आहत नाद

मराठी भाषेने हृदयाविषयी उदारपणे लिहिले आहे, तितकेच निष्काळजीपणेही. 'काळीज' हा या भाषेतील अत्यंत जिव्हाळ्याचा शब्द. परंतु त्याचे मूळ नाते संस्कृतातील 'कालेय'शी, म्हणजे यकृताशी आहे, आणि खाटकाच्या दुकानात 'कलेजी' मागितली तर आजही यकृतच मिळते. यकृताचे नाव हृदयाला देऊन भाषा निर्धास्तपणे पुढे निघाली. तिच्यात काळीज फाटते, करपते, त्याला घरे पडतात, त्याचा ठोका चुकतो. आणि इतके सगळे होऊनही माणूस बहुधा कवितेच्या पुढच्या कडव्यापर्यंत सुखरूप पोहोचतो. शारीरशास्त्राच्या परिभाषेने मात्र, कदाचित तिच्याही नकळत, अधिक नेमके रूपक निवडले. तिने हृदयाच्या वरच्या कप्प्यांना 'अलिंद' म्हटले आणि खालच्या कप्प्यांना 'निलय'. अलिंद म्हणजे ओसरी, निलय म्हणजे घर. ओसरीतून घरात यायचे आणि घरातून बाहेर पडायचे, तर मध्ये दारे हवीत. ही दारे म्हणजे झडपा.

हृदयात अशी चार दारे आहेत, आणि त्यांचा एकच धर्म आहे : पुढे जाणाऱ्या रक्ताला वाट द्यायची, मागे फिरणाऱ्याला अडवायचे. दिवसातून सुमारे एक लाख वेळा आणि वर्षातून साडेतीन कोटींहून अधिक वेळा ती उघडतात व मिटतात. त्यांना स्वतःचे बळ नसते. रक्ताच्या दाबातील फरकानेच त्यांची पाती हलतात. दार आखडले की रक्त ओसरीत तुंबते आणि फुप्फुसात पाणी साचू लागते. दार नीट मिटले नाही की घराला तेच काम पुन्हा पुन्हा करावे लागते, आणि ते थकून सैल पडते. जिना चढताना लागणारी धाप, रात्री आडवे होताच कोंडणारा श्वास, पावलांवरची सूज ही सारी त्या एका दाराची तक्रार असते.

ही दारे का बिघडतात, याचे उत्तर देशपरत्वे बदलते. युरोप-अमेरिकेत आज ते मुख्यतः वार्धक्याचे दुखणे आहे. महाधमनीच्या झडपेवर कॅल्शियम साचते आणि ती दगडासारखी होते. भारतात ते दीर्घकाळ बालपणीचे दुखणे राहिले. दाटीवाटीच्या घरात एका मुलाचा घसा दुखतो. तो स्ट्रेप्टोकॉकस जंतूचा प्रादुर्भाव असतो आणि आठवडाभरात विसरलाही जातो. परंतु काही मुलांच्या बाबतीत शरीराने त्या जंतूविरुद्ध उभारलेली फौज स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर चालून जाते. सांधे बरे होतात. झडपेवरचा व्रण मात्र राहतो, आणि असा ताप पुन्हा आला की तो वाढतो. डाव्या अलिंदाच्या आणि निलयाच्या मधली मायट्रल झडप त्यात विशेष सापडते. या ऱ्हुमॅटिक हृदयविकाराला अटकाव करणारे पेनिसिलिन स्वस्त आहे. दर तीन-चार आठवड्यांनी एक इंजेक्शन, आणि तेही वर्षानुवर्षे, एवढीच त्याची अट. अट साधी आहे, परंतु ती पाळण्यासाठी जवळ दवाखाना असावा लागतो, मजुरीचा दिवस बुडवता यावा लागतो आणि बरे वाटत असलेल्या मुलीला घेऊन कुणीतरी निघावे लागते. जिथे हे घडत नाही तिथे विशी-तिशीतच झडप बदलण्याची वेळ येते. ज्याला 'नवे हृदय' देणारी शस्त्रक्रिया म्हणून गौरवले जाते, तिच्या मुळाशी कित्येकदा न दिल्या गेलेल्या इंजेक्शनांची रांग असते.

झडप बदलता येते ही कल्पना प्रत्यक्षात आली ती विसाव्या शतकाच्या मध्यावर. १९५२ मध्ये वॉशिंग्टनमध्ये चार्ल्स हफनागेल यांनी प्लॅस्टिकच्या नळीत गोळी असलेली एक झडप रुग्णाच्या उतरत्या महाधमनीत बसवली. हृदय उघडून आत काम करण्याची सोय तेव्हा नव्हती, म्हणून घराचे दार बिघडले असता वाटेवर फाटक बसवावे तसा हा उपाय होता. १९६० मध्ये ड्वाइट हार्केन यांनी महाधमनीच्या मूळ जागी झडप बसवली, आणि त्याच वर्षी ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे तरुण शल्यविशारद अल्बर्ट स्टार व निवृत्त अभियंता लोवेल एडवर्ड्स यांनी मायट्रल झडपेच्या जागी पिंजऱ्यात गोळी असलेली आपली झडप बसवली. एडवर्ड्स स्टार यांच्याकडे गेले होते ते संपूर्ण कृत्रिम हृदय बनवण्याचा बेत घेऊन. आधी एक झडप तर करून पाहू, असे स्टार यांनी त्यांना सुचवले. पहिली रुग्ण शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच दगावली. दुसरा रुग्ण बावन्न वर्षांचा होता. तो पुढे दहा वर्षे जगला आणि मेला तो घर रंगवताना शिडीवरून पडून.

हा मृत्यू या शास्त्राच्या इतिहासात अभिमानाने सांगितला जातो, आणि त्यात विचित्र असे काही नाही. शल्यविशारदाला आपल्या रुग्णासाठी याहून मोठी इच्छा धरता येत नाही : हृदयाच्या दुखण्याने मरणार असलेला माणूस दहा वर्षांनी रंगाचा डबा घेऊन शिडीवर चढावा, आणि त्याचे मरण इतर कोणाच्याही मरणासारखे व्हावे. कृत्रिम झडपेच्या 'दीर्घकालीन फलिता'ची व्याख्या अजूनही बहुधा हीच आहे. मात्र ती मोजू लागले की गुंतागुंत सुरू होते.

आज झडपांची दोन कुळे आहेत. एक यांत्रिक, धातू, कार्बन वा विशिष्ट प्लॅस्टिक यांची. गोळीच्या जागी पुढे तिरपी होणारी चकती आली, आणि १९७७ पासून दोन अर्धवर्तुळाकार पात्यांची झडप रूढ झाली. दुसरे कूळ जैव झडपांचे. डुकराच्या झडपा किंवा गाईगुरांच्या हृदयावरणाचे पापुद्रे ग्लुटराल्डिहाइड या रसायनात मुरवून ते माणसाच्या शरीराला सोसतील असे करण्याचा मार्ग पॅरिसच्या अलँ कार्पांतिए यांनी १९६० च्या दशकात घालून दिला. स्टार आणि कार्पांतिए या दोघांना २००७ मध्ये लास्कर पुरस्कार संयुक्तपणे देण्यात आला. दोन्ही मार्ग खरे आहेत आणि दोन्ही अपुरे आहेत, याचीच ती एक प्रकारे कबुली म्हणता येईल.

यांत्रिक झडप सहसा झिजत नाही. ती धारण करणाऱ्या माणसाहून अधिक टिकण्याच्या हिशेबानेच घडवलेली असते. परंतु रक्ताला ती परकी वाटते. परक्या पृष्ठभागावर रक्त गोठू पाहते. गोठळी झडपेवर धरली तर दार अडकते, सुटून मेंदूकडे गेली तर अर्धांगवायू होतो. म्हणून रुग्णाने रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावयाची. जैव झडपेला बहुधा या गोळीची जन्मभर गरज नसते. मात्र ती कालांतराने कडक होते, फाटते, आणि पुन्हा छाती उघडावी लागते. त्यातही निसर्गाची एक क्रूर उलटापालट आहे : वृद्धाच्या शरीरात ती पंधरा वर्षेही सुखाने टिकू शकते, तरुणाच्या शरीरात मात्र लवकर खराब होते. ज्याला ती अधिक काळ हवी, त्याच्याकडे ती कमी टिकते.

ही गोळी म्हणजे वॉरफरिन, किंवा त्याच कुळातील अ‍ॅसेनोकुमारॉल. तिची जन्मकथा एखाद्या लोककथेला शोभावी अशी आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेच्या थंड प्रदेशात गुरे रक्तस्रावाने मरू लागली. त्यांनी कुजलेले गोड क्लोव्हर गवत खाल्ले होते. १९३३ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी मेलेली कालवड, तेच गवत आणि न गोठणाऱ्या रक्ताचा डबा घेऊन बर्फातून विद्यापीठात पोहोचला. कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या गवतातील द्रव्य शोधून काढले. १९४८ मध्ये त्याचे एक भावंड उंदीर मारण्याचे औषध म्हणून बाजारात आले, आणि १९५० च्या दशकात माणसांसाठी वापरले जाऊ लागले. उंदराचे विष व माणसाचे जीवन यांत अंतर केवळ मात्रेचे. ती मात्रा कमी पडली तर गोठळी, अधिक झाली तर रक्तस्राव. आणि दोहोंमधली वाट अरुंद. आयएनआर नावाच्या रक्तचाचणीने ती वाट मोजतात. महाधमनीच्या झडपेसाठी हा आकडा अडीचच्या आसपास, मायट्रलसाठी तीनच्या आसपास ठेवायचा असतो. पालक, मेथी, शेपू या भाज्यांतील 'के' जीवनसत्त्व तो खाली खेचते, कित्येक प्रतिजैविके आणि वेदनाशामके तो वर ढकलतात. 'भाजी सोडू नका, पण रोज सारखीच खा' असा सल्ला डॉक्टर देतात. ज्या समाजात आहार ऋतूप्रमाणे आणि उपवासांप्रमाणे बदलतो, श्रावणात एक आणि शिमग्यात दुसरा असतो, तिथे हा सल्ला पाळणे म्हणजे पंचांगाशीच वाद घालणे होय.

नव्या औषधांनी या जाचातून सुटका होईल अशी आशा होती. यांत्रिक झडपांच्या बाबतीत ती फलद्रूप झाली नाही. दाबिगाट्रान या औषधाच्या चाचणीत गोठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. अपिक्साबानची चाचणी २०२२ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. कुजक्या गवतातून निघालेली जुनी गोळीच अजून या झडपांची राखण करते आहे.

मग दोन कुळांपैकी श्रेष्ठ कोणते? या प्रश्नाचे एक गंभीर उत्तर अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी दिले. १९७७ ते १९८२ या काळात ५७५ पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागून एका गटाला यांत्रिक आणि दुसऱ्याला जैव झडप बसवण्यात आली. पंधरा वर्षांचा हिशेब २००० मध्ये मांडला गेला. महाधमनीची झडप बदललेल्यांपैकी यांत्रिक गटात ६६ टक्के, जैव गटात ७९ टक्के रुग्ण तोवर मरण पावले होते. मायट्रलच्या बाबतीत दोन्ही गटांत हे प्रमाण जवळपास सारखेच, ऐंशी टक्क्यांच्या आसपास होते. जैव झडपा अधिक निकामी झाल्या, यांत्रिक गटात रक्तस्राव अधिक झाला. हे आकडे थंडपणे वाचवत नाहीत. तेव्हाचे तंत्र आजच्याहून मागे होते, रुग्ण वयस्क आणि आजारी होते, हे सारे खरे. तरीही 'झडप बदलली, माणूस बरा झाला' या सरळ वाक्याला हे आकडे थांबवतात. एका असाध्य रोगाच्या जागी दुसरा, सांभाळता येण्याजोगा रोग येतो, असे या शास्त्रातले जाणते म्हणतात. त्या 'सांभाळता येण्याजोगा' या शब्दावर सगळा भार आहे.

आणखी एक गोष्ट या अभ्यासात डोळ्यांत भरते : त्या ५७५ जणांत एकही स्त्री नव्हती. भारतातील झडप बदललेल्या रुग्णाचे चित्र डोळ्यांपुढे आणायचे तर ते अमेरिकन माजी सैनिकाचे येत नाही. ते वारंवार एका तरुण स्त्रीचे येते. बालपणीच्या तापाने तिची मायट्रल झडप आखडलेली असते, आणि ती कळते ती कित्येकदा पहिल्या गर्भारपणात, रक्ताचे प्रमाण वाढून श्वास कोंडू लागल्यावर. तिच्यापुढे दोन झडपा ठेवल्या जातात. यांत्रिक घेतली तर जन्मभर गोळी, आणि वॉरफरिन गर्भाला घातक ठरू शकते, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यांत आणि मात्रा मोठी असताना. त्या काळापुरती गोळी सोडून हेपॅरिनची इंजेक्शने घेतली तर गर्भ सुरक्षित राहतो, पण आईच्या झडपेवर गोठळी धरण्याचा धोका वाढतो. जैव झडप घेतली तर मूल निर्वेध होण्याचा संभव अधिक. मात्र ते मूल शाळेत जाऊ लागते न लागते तोच आईच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेची चर्चा सुरू होऊ शकते. अमेरिकेतील २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे महाधमनीसाठी साधारणपणे पन्नाशीच्या आत यांत्रिक आणि पासष्टीनंतर जैव झडप सुचवतात, आणि निर्णय रुग्णाच्या विचाराने घ्यावा असे आवर्जून सांगतात. रुग्णाचा विचार! ज्या घरात लग्नाचा, शिक्षणाचा, किती मुले व्हावीत याचाही विचार तिला कधी विचारला गेला नाही, तिथे संमतिपत्रावरची तिची सही नेमकी कोणाची असते, हा प्रश्न शल्यशास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे. परिणाम मात्र तिच्याच छातीत राहतो.

झडप हे यंत्र आहे, आणि यंत्र मोडू शकते, हे १९८० च्या दशकाने फार कठोरपणे शिकवले. ब्योर्क-शायली झडपेचा एक सुधारित प्रकार १९७९ पासून जगभर सुमारे ८६ हजार रुग्णांना बसवला गेला. त्यातील चकती धरून ठेवणारा बारीक तारेचा आधार काही झडपांत तुटू लागला. आधार तुटला की चकती निसटायची, आणि अशांपैकी बहुसंख्य रुग्ण दगावायचे. १९८६ मध्ये ती झडप बाजारातून काढून घेण्यात आली. पण छातीतून ती कोण काढून घेणार? पुन्हा शस्त्रक्रिया करावी तर तिचा धोका, न करावी तर तुटण्याचा. कित्येकांच्या बाबतीत पहिला धोकाच मोठा ठरत होता. म्हणून बहुतेकांनी वाट पाहणे पत्करले. प्रत्येक ठोका ऐकत, वर्षानुवर्षे.

याच काळात तिरुवनंतपुरमला एक वेगळी खटपट चालली होती. परदेशी झडपेची किंमत भारतीय रुग्णाच्या आवाक्याबाहेर होती. श्री चित्रा तिरुनाल संस्थेचे प्रमुख, शल्यविशारद एम. एस. वलियाथन यांनी ती देशातच बनवायचे ठरवले. पूजपुरा येथील राजवाड्यात, जिथे संस्थेचा जैवतंत्र विभाग उभा राहिला, तिथे अभियंते, रसायनज्ञ आणि डॉक्टर एकत्र आले. एकामागून एक तीन नमुने फसले. कुठे धातूचा सांधा तुटला, कुठे झीज झाली, कुठे कृत्रिम नीलमण्याची चकतीच भंगली. चौथ्या नमुन्यात क्रोमियम-कोबाल्टच्या मिश्रधातूचा सांगाडा, चिवट पॉलिएथिलीनची तिरपी होणारी चकती आणि पॉलिएस्टरचे कडे आले. मेंढ्यांवरील चाचण्यांनंतर ६ डिसेंबर १९९० रोजी ती प्रथम माणसाच्या हृदयात बसवली गेली. सहा रुग्णालयांतील ३०६ रुग्णांच्या पहिल्या चाचणीत झडपेची रचना मोडल्याची घटना आढळली नाही. पुढे व्यापारी उत्पादन सुरू झाले आणि आजवर एक लाखाहून अधिक चित्रा झडपा बसवल्या गेल्या आहेत. वलियाथन २०२४ मध्ये निवर्तले. उत्तरायुष्यात ते चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्या संहितांकडे वळले होते. हृदयाला चैतन्याचे अधिष्ठान मानणारा चरक आणि हृदयात मिश्रधातूचे कडे शिवणारा शल्यविशारद यांच्यात त्यांना विसंवाद वाटला नाही, ही त्यांच्या चरित्रातील लक्षणीय गोष्ट होय.

योगशास्त्राने हृदयस्थानी असलेल्या चक्राला 'अनाहत' म्हटले. आघातावाचून उमटणाऱ्या नादाचे ते स्थान. यांत्रिक झडपेने या शब्दाला अक्षरशः प्रतिवाद केला आहे. तिचा नाद आहत आहे : चकती कड्यावर आपटते आणि टकटक उमटते. हफनागेल यांच्या पहिल्या झडपांचा आवाज शेजारच्याला ऐकू जाई. आजच्या झडपांचा आवाज रात्रीच्या शांततेत ऐकू येतो. चित्रा झडपेची प्लॅस्टिकची चकती त्या मानाने मृदू बोलते. आरंभी या आवाजाने झोप येत नाही, असे अनेक रुग्ण सांगतात. नंतर तो सवयीचा होतो, आणि मग एक दिवस असा येतो की तो ऐकू आला नाही तर जीव घाबरतो. वैद्यकातही याला आधार आहे : नेहमीची खणखणीत टकटक बोथट झाली तर झडपेवर गोठळी धरली असण्याची शक्यता असते, आणि तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. अनाहत नाद ऐकण्यासाठी साधना लागते म्हणतात. हा आहत नाद ऐकणे हीही एक साधनाच आहे, आणि तिच्यात खंड पडून चालत नाही.

खंड पडतो तो मात्र इतर कारणांनी. महाराष्ट्रात जीवनदायी योजनेने आणि पुढे तिच्या विस्तारलेल्या रूपांनी गरीब घरातील अनेकांना ही शस्त्रक्रिया मिळवून दिली. ते काम लहान नाही. परंतु शस्त्रक्रिया हा एक दिवस असतो आणि झडप हे पुढचे सारे आयुष्य. 'व्हॉल्व्ह बसवलाय' असे गावात सांगितले जाते, ते काम पुरे झाल्याच्या सुरात. रक्ताच्या चाचणीसाठी तालुक्याला किंवा जिल्ह्याला जावे लागते, एस.टी.चे भाडे लागते, चाचणीचा आकडा समजून गोळी पाव-अर्धी कमीजास्त करून देणारा कोणी भेटावा लागतो. सुगीच्या दिवसांत फेरी चुकते. बरे वाटत असते, म्हणून गोळी संपल्यावर दोन आठवडे आणली जात नाही. दाढ काढताना झडपेविषयी सांगायचे राहून जाते, आणि जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसतात. मृत्यू येतो तेव्हा तो अकस्मात आला असे वाटते. वस्तुतः तो हप्त्याहप्त्याने आलेला असतो.

वैद्यकीय निबंधांतून या झडपांच्या फलिताचा एक आलेख काढलेला असतो. डावीकडे शंभर टक्क्यांवर सुरू होऊन तो पायरीपायरीने खाली येतो; प्रत्येक पायरी म्हणजे एक वा अनेक माणसे. त्या आलेखावर कुठे कुठे बारीक उभ्या रेघा असतात, आणि त्या रेघांचा अर्थ असा, की इथपर्यंत या रुग्णाची माहिती होती, पुढची नाही. निबंधाच्या अखेरीस एका ओळीत त्यांचे प्रमाण सांगितलेले असते : इतके टक्के रुग्णांचा 'पाठपुरावा सुटला'. संख्याशास्त्र त्यांना मेलेले धरत नाही, जिवंतही धरत नाही. ते त्यांना हिशेबातून सौजन्याने बाजूला करते. तसे करण्यामागचे गृहीत असे, की सुटलेले लोक राहिलेल्यांसारखेच असतील. परंतु गरीब देशात जो सुटतो तो बहुधा दूरचा असतो, निरक्षर असतो, पुष्कळदा स्त्री असते. आणि नेमक्या याच कारणांनी त्याची गोळीही सुटलेली असण्याचा संभव अधिक. आलेख दाखवतो त्याहून सत्य थोडे खाली असते.

अलँ क्रिबिए यांनी २००२ मध्ये फ्रान्समधील रुआँ येथे रक्तवाहिनीतून नळी घालून, छाती न उघडता झडप बसवली, तेव्हापासून या क्षेत्राचे लक्ष वृद्धांकडे आणि समृद्ध देशांकडे वळले आहे. जुन्या जैव झडपेच्या आत नवी झडप अशाच रीतीने बसवता येते, आणि त्यामुळे तरुणांच्या निवडीचे गणितही काहीसे बदलू लागले आहे. दुसरीकडे, २०१८ मध्ये जागतिक आरोग्य सभेने ऱ्हुमॅटिक हृदयविकाराविषयी ठराव केला, आणि त्यात भर होता तो प्रतिबंधावर, म्हणजे त्याच जुन्या, स्वस्त, दर तीन-चार आठवड्यांच्या इंजेक्शनावर. या दोन टोकांच्या मध्ये, आज यांत्रिक झडप घेऊन जगणारी लाखो माणसे आहेत. त्यांच्यासाठी सर्वांत मोठा शोध कदाचित प्रयोगशाळेत लागायचा नाही. जवळच्या आरोग्यकेंद्रात बोटाच्या टोकातून थेंबभर रक्त घेऊन आयएनआर पाहता यावा, त्याच दिवशी गोळीची मात्रा सांगितली जावी, आणि फेरी चुकली तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी दारात येऊन विचारावे, की या वेळी का आला नाहीत. पाठपुरावा हा शब्द तेव्हाच आलेखाच्या तळटीपेतून उठून माणसांच्या व्यवहारात येईल.